अँड्रॉइड स्टुडिओचा लेआउट एडिटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एक्सएमएल लेआउट वापरून अँड्रॉइड ॲप करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही ज्यांच्या ॲपमध्ये मराठी मजकूर असणार आहे त्यांच्यासाठी. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच स्क्रीन धरली आहे: दूध संकलन केंद्रावरची नोंद. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम आणि खाली ‘नोंद करा’ हे बटण. स्क्रीन साधीच आहे, पण ती पहाटे, रांग लागलेली असताना, ओल्या हातांनी वापरली जाणार आहे. लेआउटमधली लहानशी चूकही तिथे लगेच जाणवते.

लेआउट एडिटर नेमकं काय करतो?

रेस फोल्डरमधल्या लेआउट फोल्डरमध्ये जी एक्सएमएल फाइल असते, तीच तो चित्रात दाखवतो आणि चित्रात केलेला बदल त्याच फाइलमध्ये लिहितो. वरच्या कोपऱ्यात कोड, स्प्लिट आणि डिझाइन अशी तीन बटणं असतात. डिझाइनमध्ये डावीकडे पॅलेट आणि त्याखाली कंपोनंट ट्री, मध्ये स्क्रीनचं चित्र आणि उजवीकडे निवडलेल्या घटकाचे ॲट्रिब्यूट. हे चित्र काढायला इम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारा नकली फोन, लागत नाही. अँड्रॉइडचा मांडणीचा आणि रेखाटनाचा भाग संगणकावर चालवणारी एक लायब्ररी स्टुडिओसोबतच येते, ती हे काम करते. म्हणून तुमच्या ॲक्टिव्हिटीमधल्या कोटलिन कोडची एकही ओळ न चालवता स्क्रीन समोर दिसते. प्रिव्ह्यूची सोय यातच आहे आणि त्याची मर्यादाही.

माउसने ओढून करावं की एक्सएमएल हाताने लिहावं?

स्प्लिट मोड लावा आणि दोन्ही करा. घटक एकमेकांना बांधायचे असतील तर माउस सोयीचा, कारण कोण कोणाला बांधलंय ते डोळ्यांना दिसतं. मार्जिन, आयडी, स्ट्रिंगची नावं ही कामं टाइप करूनच पटापट होतात. माउसने काहीही केलं तरी शेजारच्या कोडमध्ये काय बदललं ते बघायची सवय मात्र लावून घ्या. नुसत्या डिझाइन मोडमध्ये शिकलेल्यांना पुढे दुसऱ्याची फाइल वाचताना फार जड जातं.

एडिटरमध्ये सगळं नीट दिसतं, पण फोनवर सगळे घटक डाव्या वरच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कन्स्ट्रेंट लेआउट म्हणजे घटक एकमेकांना किंवा पडद्याच्या कडांना बांधून करायची मांडणी; अशी प्रत्येक बांधणी म्हणजे एक कन्स्ट्रेंट. त्यात घटक माउसने जिथे सोडला तिथे तो फक्त एडिटरपुरता राहतो. ती जागा ‘टूल्स’ या उपसर्गाच्या ॲट्रिब्यूटमध्ये लिहिली जाते आणि या उपसर्गाचं काहीही तयार ॲपमध्ये जात नाही. फोनला त्या घटकाची जागा कोणी सांगितलेलीच नसते, म्हणून तो शून्य-शून्यवर जाऊन बसतो. एडिटर ही सूचना आधीच देत असतो. कंपोनंट ट्रीमध्ये घटकाच्या नावापुढे चिन्ह येतं, त्यावर क्लिक केलं की हा व्ह्यू कशालाही बांधलेला नाही, असं स्पष्ट लिहिलेलं दिसतं.

उपाय असा: प्रत्येक घटकाला निदान एक आडवा आणि एक उभा कन्स्ट्रेंट हवाच. घटक निवडला की चारही बाजूंना छोटे गोल दिसतात. वरचा गोल धरून वरच्या घटकाच्या तळाशी सोडा, डावा गोल धरून पालक लेआउटच्या सुरुवातीला सोडा. झालं. टूलबारवर जादूच्या कांडीचं बटण आहे, ते सगळे कन्स्ट्रेंट अंदाजाने लावून देतं. एखादा विचार पटकन तपासून बघायला ते चालेल, पण नेहमीच्या कामात वापरू नये असं माझं मत आहे. तुम्ही माउस जिथे सोडला होता तिथलं सदतीस डीपीसारखं (डीपी हे मापाचं एकक, खाली समजावलं आहे) विचित्र मार्जिन ते तसंच कायम करतं, आणि सहा महिन्यांनी हा आकडा कुठून आला ते कोणालाच सांगता येत नाही.

कन्स्ट्रेंट लेआउट गूगलने २०१६च्या आयओ परिषदेत मांडला आणि त्याची १.० आवृत्ती २०१७च्या सुरुवातीला आली. त्याआधी लिनिअर लेआउटमध्ये लिनिअर लेआउट, त्यात पुन्हा रिलेटिव्ह लेआउट, अशा घड्यांवर घड्या घालाव्या लागत. जुन्या ट्यूटोरियलमध्ये अजून तेच दिसतं. नवीन स्क्रीनसाठी त्यांचं अनुकरण करू नका.

ब्लूप्रिंट कशासाठी?

रंग, चित्रं, मजकूर सगळं बाजूला ठेवून फक्त चौकटी आणि त्यांच्यातल्या दोऱ्या बघायच्या असतात तेव्हा. कीबोर्डवर बी दाबलं की डिझाइन आणि ब्लूप्रिंट आलटून पालटून येतात. ओ दाबलं की स्क्रीन आडवी होते, डी दाबलं की पुढचं डिव्हाइस येतं. या तीन कळा हाताशी बसल्या की तपासणीचा कंटाळा येत नाही.

लेबल आणि रकाना एका ओळीत हवेत. लेबलची रुंदी किती द्यावी?

रुंदी ठरवूच नका. ‘फॅट’ दोन अक्षरांचं आणि ‘सभासद क्रमांक’ भलं मोठं. लेबलला १०० डीपी दिले तर आज जमेल. उद्या कोणी ‘सभासद क्रमांक’चं ‘उत्पादक सभासदाचा क्रमांक’ केलं की मजकूर मोडून दोन ओळींत जाईल.

इथे बॅरिअर वापरायचा. सगळ्या लेबलांची रुंदी रॅप कंटेंट, म्हणजे मजकुराएवढीच, ठेवा. पॅलेटमधल्या हेल्पर्समधून उभा बॅरिअर घ्या, कंपोनंट ट्रीमध्ये सगळी लेबलं त्याच्यात ओढा आणि त्याची दिशा एंड करा. हा बॅरिअर म्हणजे न दिसणारी उभी रेघ: सर्वांत लांब लेबल जिथे संपतं तिथे ती आपोआप सरकते. आता प्रत्येक रकान्याची सुरुवात या रेघेला बांधा, शेवट पालकाला बांधा आणि रुंदी शून्य डीपी करा. शून्य डीपी म्हणजे रुंदी नाही असं नव्हे. ‘दोन्ही कन्स्ट्रेंटमध्ये जेवढी जागा आहे तेवढी घे’ असा त्याचा अर्थ. भाषा बदलली, फाँट मोठा केला, तरी रकाने एका रेषेत राहतात.

गाइडलाइन यापेक्षा वेगळी. ती स्क्रीनच्या ३० टक्क्यांवर किंवा १६ डीपीवर ठाम उभी राहते, मजकुराकडे बघत नाही. ‘लिटर’ आणि ‘दर’ हे दोन आखूड रकाने शेजारी-शेजारी समान वाटून हवे असतील तर चेन करा: दोन्ही निवडा, राइट क्लिक, चेन्स.

डीपी आणि एसपी यांत गोंधळ होतो.

डीपी मापांसाठी, एसपी मजकुरासाठी. १६० डीपीआयच्या (म्हणजे इंचाला १६० ठिपक्यांच्या) पडद्यावर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल, ४८० डीपीआयवर तीन. म्हणून १०८० पिक्सेल रुंदीचा, ४८० डीपीआयचा फोन लेआउटच्या हिशेबात ३६० डीपी रुंद असतो. एसपीमध्ये याशिवाय वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये निवडलेला अक्षराचा आकारही गुणला जातो. अँड्रॉइड १४पासून तो २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. मजकुराला डीपी देऊन ही वाढ अडवणारी ॲप दिसतात. कृपया तसं करू नका. चष्मा न सापडलेल्या माणसालाही फॅटचा आकडा वाचता आला पाहिजे.

रक्कम आणि नावं तर सर्व्हरवरून येतात. मग प्रिव्ह्यू रिकामाच दिसणार का?

नाही. त्यासाठीच टूल्स उपसर्ग आहे. ‘अँड्रॉइड टेक्स्ट’ऐवजी ‘टूल्स टेक्स्ट’मध्ये मजकूर लिहिला की तो प्रिव्ह्यूत दिसतो आणि ॲपमध्ये जात नाही. लपवलेला घटक प्रिव्ह्यूपुरता दाखवायला टूल्स व्हिजिबिलिटी आहे. रिसायकलर व्ह्यूला (यादी दाखवणाऱ्या घटकाला) टूल्स लिस्टआयटममध्ये ओळीचा लेआउट सांगितला की ‘आयटम शून्य, आयटम एक’ जाऊन तुमच्या खऱ्या ओळी दिसायला लागतात. किती ओळी दाखवायच्या ते टूल्स आयटमकाउंट ठरवतो.

स्टुडिओ नमुन्याची नावं आणि लॅटिन भरताडही देतो. मराठी ॲपसाठी ते घेऊ नये. तिथे तुमच्या गावच्या सभासदांच्या यादीत असू शकेल असं सर्वांत लांब नाव लिहा, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. रक्कम दोन आकडी लिहू नका, दहा दिवसांच्या बिलाची लिहा. प्रिव्ह्यूला जे खायला घालाल त्यावरच त्याचं उत्तर ठरतं. आखूड, नीटस मजकूर घातला तर स्क्रीन नेहमीच सुंदर दिसेल आणि तुम्हाला काहीही कळणार नाही.

मराठी मजकुरासाठी वेगळं काय तपासायचं?

बरंच काही, आणि या पानावरचं हे उत्तर सर्वांत नीट वाचावं अशी विनंती आहे.

आधी उंची. देवनागरी अक्षर शिरोरेषेच्या वरही जातं आणि तळाच्या रेषेखालीही. वर वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे खालचे भाग. इंग्रजी मजकूर बघून टेक्स्टव्ह्यूची उंची पक्की बांधली, किंवा जागा वाचवायला फाँट पॅडिंग (अक्षरांच्या वर-खाली सोडलेली जागा) काढून टाकलं, की पहिल्यांदा हेच कापलं जातं. तपासायला एक ओळ सांगतो: ‘कर्मचाऱ्यांनी उद्धृत केलेली राष्ट्रीयीकृत बँक’. हिला अर्थ फारसा नाही, पण हिच्यात रफार, ऱ्या, अनुस्वार, द्धृ, ष्ट्री आणि चंद्रबिंदूची ठेवण, सगळं आहे. ती टूल्स टेक्स्टमध्ये घाला, कमाल ओळी दोन ठेवा आणि चित्र मोठं करून बघा. पहिल्या ओळीच्या ‘द्धृ’चा पाय दुसऱ्या ओळीच्या वेलांटीला टेकत असेल तर ओळींमधलं अंतर वाढवा. उंची नेहमी रॅप कंटेंट, आणि दाबायच्या घटकाला किमान उंची ४८ डीपी.

मग अक्षरांमधलं अंतर. लेटर स्पेसिंग हे ॲट्रिब्यूट रोमन लिपीसाठी ठीक आहे. देवनागरीत ते वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि ‘नोंद करा’ हे सुटी अक्षरं मांडल्यासारखं दिसतं. गंमत म्हणजे हे तुम्ही स्वतः लावलेलं नसलं तरी घडतं. मटेरिअल या गूगलच्या डिझाइन पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे मटेरिअल २च्या बटणाच्या शैलीत हे अंतर मुळातच दिलेलं आहे, मटेरिअल ३मध्ये ते नगण्य आहे. तेव्हा जुनी थीम असेल तर बटणाला लेटर स्पेसिंग शून्य द्या. त्याच जुन्या शैलीत सगळी अक्षरं कॅपिटल करण्याचंही सेटिंग आहे. मराठीवर त्याचा परिणाम होत नाही, पण ‘एसएमएस पाठवा’सारख्या मजकुरात कोणी रोमन अक्षरं मिसळली असतील तर तेवढीच ओरडल्यासारखी उठून दिसतात. तेही बंद करा.

तिसरी गोष्ट, भाषा बदलून बघा. व्हॅल्यूज एमआर हे फोल्डर केलंत की एडिटरच्या टूलबारवरच्या भाषेच्या यादीत मराठी येते. ती निवडली की त्याच फाइलचा मराठी प्रिव्ह्यू. यासाठी मजकूर स्ट्रिंग्ज फाइलमध्ये असायला हवा. लेआउटमध्येच थेट लिहिलेल्या मजकुरावर एडिटर पिवळी सूचना देतो, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

प्रिव्ह्यूत फॅट 3.5 दिसतो, मराठी फोनवर ३.५. कोणतं बरोबर?

दोन्ही. प्रिव्ह्यूने तुम्ही टूल्स टेक्स्टमध्ये लिहिलेला आकडा दाखवला. फोनवर मात्र तुमचा कोड चालला. मराठी लोकेलचे (फोनच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचे) ठरीव अंक देवनागरी आहेत. म्हणून स्ट्रिंग फॉरमॅटने दाखवलेली संख्या मराठी फोनवर देवनागरीत येते. नुसतं टू-स्ट्रिंग केलं तर ती रोमन अंकांतच राहते. एका स्क्रीनवर दोन्ही पद्धती वापरल्या गेल्या की लिटर एका अंकांत आणि दर दुसऱ्यात दिसतो.

दिसण्यापेक्षा मोठा धोका पुढे आहे. फॉरमॅट करून रकान्यात टाकलेला ‘३.५’ परत वाचून टू-डबल केलं तर ॲप बंद पडतं, कारण ते रूपांतर देवनागरी अंक ओळखत नाही. इंग्रजी फोनवर चाचणी करणाऱ्याला हे कधीच सापडत नाही. म्हणून दाखवायचा आकडा आणि हिशेबाचा आकडा वेगळे ठेवा. सर्व्हरला किंवा फाइलमध्ये जे पाठवायचं ते फॉरमॅट करताना लोकेल रूट (कोणत्याही भाषेशी न बांधलेला लोकेल) स्पष्ट सांगा. टूल्स टेक्स्टमध्येही देवनागरी अंक लिहून बघा, कारण त्यांची रुंदी वेगळी असते आणि उजवीकडे लावलेले रकमेचे आकडे एकाखाली एक येतात का ते कळतं.

फाँट कोणता घ्यावा?

काहीच न निवडता फोनचा देवनागरी फाँट घेतला तरी चालतं, आणि नोंदीच्या स्क्रीनसाठी तेच पुरेसं आहे. स्वतःचा हवा असेल तर ॲट्रिब्यूटमध्ये फाँट फॅमिली, तिथे मोअर फाँट्स. गूगल फाँट्सची यादी तिथेच उघडते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे दोन्ही तिथे आहेत. मुक्त मजकुरासाठी चांगला. बलू ठसठशीत आहे, शीर्षकाला शोभतो, रकान्यात नको. फाँट बदलला की वरची ‘कर्मचाऱ्यांनी’वाली ओळ पुन्हा घालून बघायची, कारण प्रत्येक फाँटची वरची-खालची मापं वेगळी असतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर फाँटमध्ये ती रूपं असावी लागतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे टेक्स्टव्ह्यूला माहीत असावं लागतं. फोनची भाषा इंग्रजी असेल तर टेक्स्ट लोकेल कोडमधून सांगा.

इतक्या फोनांवर कसं तपासणार?

लेआउट व्हॅलिडेशन नावाची खिडकी उघडा. त्यात तोच लेआउट एकाच वेळी अनेक पडद्यांवर दिसतो: फोन, फोल्डेबल, टॅबलेट, डेस्कटॉप. फाँटच्या आकारांची आणि रंगांधळेपणाची वेगळी यादीही तिथे मिळते. नेहमी तीनच गोष्टी बघायच्या असतील तर या बघा: ३६० डीपी रुंदीचा फोन, सर्वांत मोठा फाँट, आडवी स्क्रीन. बहुतेक तक्रारी यांतच सापडतात. टॅबलेटसाठी ६०० डीपी ही सीमा धरतात. त्यापुढे वेगळी मांडणी हवी तर एसडब्ल्यू ६०० डीपीचं लेआउट फोल्डर करा. नुसते रकाने ताणले जाऊ नयेत एवढंच हवं असेल तर कमाल रुंदी दिली तरी भागतं.

डावं-उजवं न लिहिता स्टार्ट-एंड का लिहायचं?

उर्दूसाठी. मालेगाव-भिवंडीत उर्दू वाचणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या भाषेत स्क्रीन उजवीकडून सुरू होते. स्टार्ट-एंड वापरलं असेल तर ती आपोआप उलटते, लेफ्ट-राइट लिहिलं असेल तर लेबल रकान्याच्या चुकीच्या बाजूला राहतं. उर्दू भाषांतर हातात नसलं तरी एडिटरमधून उजवीकडून डावीकडे असा प्रिव्ह्यू बघता येतो.

‘रेंडर प्रॉब्लेम’ येतो आणि चित्रच दिसत नाही.

आधी प्रोजेक्ट बिल्ड करा, नवीन क्लास बिल्ड झाल्याशिवाय एडिटरला दिसत नाही. मग टूलबारवरची थीम बघा: मटेरिअलचे घटक आणि वेगळ्या कुळातली थीम असेल तर चित्र येत नाही. स्वतःचा कस्टम व्ह्यू असेल तर तो कन्स्ट्रक्टरमध्येच डेटाबेस किंवा नेटवर्ककडे जात असणार. तो भाग ‘इज इन एडिट मोड’ तपासून बाजूला ठेवा. कॅशे साफ करणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

जेटपॅक कम्पोज आलं. आता हे शिकण्यात अर्थ आहे का?

कम्पोज म्हणजे एक्सएमएलऐवजी कोटलिन कोडमध्येच स्क्रीन लिहायची पद्धत. तिची १.० आवृत्ती जुलै २०२१मध्ये आली आणि गूगलचा नव्या कामाचा भर तिकडे आहे, यात शंका नाही. नवीन ॲप सुरू करत असाल तर कम्पोजच घ्या. पण नोकरीत पहिल्या दिवशी हातात पडणारं ॲप बहुधा काही वर्षांचं असतं आणि त्यात एक्सएमएल लेआउट असतात. ते वाचता आले पाहिजेत.

कम्पोजमध्ये पॅलेटमधून ओढणं नाही. फंक्शनवर प्रिव्ह्यू हे ॲनोटेशन लावायचं, आणि त्या फंक्शनला सक्तीचा पॅरामीटर नसावा. त्याच ॲनोटेशनमध्ये लोकेल एमआर, फाँट स्केल, डिव्हाइस असं सगळं सांगता येतं. एका फंक्शनवर चार प्रिव्ह्यू लावून साधी मराठी, मोठ्या फाँटची मराठी, डार्क आणि टॅबलेट अशी चार चित्रं शेजारी-शेजारी ठेवता येतात. या बाबतीत कम्पोज सरळ सरस आहे. व्ह्यूमॉडेल (स्क्रीनला माहिती पुरवणारा क्लास) थेट मागणाऱ्या फंक्शनचा प्रिव्ह्यू बहुतेक वेळा अडतो. म्हणून स्क्रीनचे दोन भाग करा: एक व्ह्यूमॉडेलकडून माहिती घेणारा, दुसरा फक्त ती दाखवणारा. प्रिव्ह्यू दुसऱ्याला लावा.

प्रिव्ह्यूत बटण पूर्ण दिसतं, फोनवर ते खालच्या पट्टीखाली किंवा कीबोर्डखाली जातं.

दोन वेगळी कारणं आहेत. टार्गेट एसडीके (ॲप कोणत्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी केलं आहे तो आकडा) ३५ केलं की अँड्रॉइड १५वर ॲप पडद्याच्या काठापर्यंत पसरतं, म्हणजे स्टेटस बार आणि नेव्हिगेशन बार तुमच्या लेआउटच्या वर येतात. त्यांची उंची विंडो इन्सेट्समधून (पट्ट्या आणि कीबोर्ड किती जागा अडवतात त्या मापांतून) घेऊन मूळ लेआउटला तेवढं पॅडिंग द्यावं लागतं. हे काम कोडमधून होतं, म्हणून प्रिव्ह्यूत दिसत नाही.

कीबोर्ड तर एडिटर दाखवतच नाही. दूध नोंदीच्या स्क्रीनवर रक्कम बघताना कीबोर्ड उघडाच असणार, तेव्हा ही स्क्रीन अर्ध्या उंचीची आहे असं धरूनच मांडायची. रकाने स्क्रोल व्ह्यूमध्ये ठेवा, ‘नोंद करा’ त्याच्या बाहेर तळाला बांधा आणि पॅडिंग देताना कीबोर्डचे इन्सेट्सही धरा. मग स्वस्तातला एखादा खरा फोन घ्या, भाषा मराठी करा, फाँट मोठा करा आणि एसएनएफच्या रकान्यात बोट ठेवा. रक्कम आणि बटण दोन्ही कीबोर्डच्या वर दिसले की स्क्रीन केंद्रावर द्यायला हरकत नाही.